काहीतरी चूक झाली, नंतर प्रयत्न करा

काकांचा फोन नेहमी रविवारी येतो. त्या मंगळवारी तो भर दुपारी आला, मी ऑफिसात डबा उघडत होतो तेव्हा. जेवला का, तब्येत कशी, असलं काहीच न विचारता ते म्हणाले, "तुमच्या कंपनीनं ते पान काहून बंद करून ठेवलं गा?"

पान बंद नव्हतं. माझ्यासमोर स्क्रीनवर ते उघडं होतं आणि सकाळपासून त्यावर मुलींचे अर्ज येत होते. मी तसं सांगितलं. काकांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे आमच्यासाठीच बंद हाय."

हे पान नागपुरातल्या मुलींच्या एका वसतिगृहाचं. एक जुनी संस्था ते चालवते, आणि तिथे राहायचं असेल तर अर्ज फक्त वेबसाइटवरून करावा लागतो. ती वेबसाइट आमच्या ऑफिसनं बनवलेली. सक्करदऱ्याला तलावाच्या बाजूला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. मी तिथे प्रोग्रॅमर म्हणून लागलो तेव्हा साइट आधीच चालू झाली होती आणि तिची देखभाल माझ्याकडे आली. काकांच्या मुलीला, म्हणजे माझ्या चुलत बहिणीला, बारावीनंतर नागपूरच्या एका नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. काकांची अट एकच होती. वसतिगृहात जागा मिळाली तर तिनं नर्सिंग करायचं. भाड्याच्या खोलीत ते तिला ठेवणार नव्हते. काकांच्या गावाहून, भिवापूरहून, रोज येणंजाणं होण्यासारखं नव्हतं. मी नागपुरात हुडकेश्वरला आणखी दोन मुलांबरोबर एका खोलीत राहतो, त्यामुळे माझ्याकडे राहण्याचा प्रश्नच नव्हता. जागा मिळाली नाही तर भिवापुरातच बी. ए. आणि मग स्थळं पाहायला सुरुवात, हे काकूनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. अर्ज शनिवारी संध्याकाळी बंद होणार होते.

नाव, पत्ता, मार्क, सगळं भरून झालं होतं. अडत होतं ते उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. फाईल निवडली की निळी पट्टी सरकायला लागायची आणि मध्येच थांबून खाली एक ओळ यायची: "काहीतरी चूक झाली. कृपया नंतर प्रयत्न करा." काका आणि बहीण भिवापुरातल्या एका ऑनलाइन सेंटरवर जाऊन प्रयत्न करत होते. सेंटरवाला ती ओळ वाचायचा आणि काकांना सांगायचा, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.

आमच्याकडे 'सर्व्हर डाऊन' या शब्दांवर कोणाचा विश्वास उरलेला नाही. रेशन दुकानात, तहसिलीत, बँकेत, जिथे माणसाला परत पाठवायचं असतं तिथे ते म्हणतात. खरोखर डाऊन असलं तरी तेच आणि साहेब चहाला गेले असले तरी तेच. ऐकणारा माणूस घरी जातो आणि आता कोणाला भेटावं लागेल याचा विचार करतो. काकांनीही तो केला होता. शिवाय त्यांच्याकडे एक पुरावा होता. सोमवारी त्यांच्या समोरच, त्याच सेंटरवर, आणखी एका मुलीचे कागद पहिल्या झटक्यात गेले होते. तिचा मामा तालुक्यात वजन असलेला माणूस.

"कम्प्युटर एकच, चालवणारा एकच," काका म्हणाले. "तिचं गेलं, आमचं जात नाही. आता तूच सांग."

काकांशी मी एरवीही वाद घालत नाही. माझे वडील सहीपुरते शिकलेले. काका दहावीपर्यंत. मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. माझ्या डिग्रीवर नाव माझं आहे, पण तिच्यासाठी लागलेले सगळे दाखले काकांनी शेतातले मिरचीचे तोडे सोडून, तहसिलीत उभं राहून आणले. मला तेव्हा फक्त अभ्यास करायचा होता. त्यामुळे ते जेव्हा म्हणाले, "आतून पाह्यजो जरा," तेव्हा मी हो म्हटलं, आणि लगेच भीतीही वाटली, कारण 'आतून' या शब्दात त्यांना काय हवं होतं ते मला कळत होतं.

डबा तसाच ठेवून मी आमच्या प्रोग्रॅमच्या नोंदी उघडल्या. कोणी फाईल पाठवली, ती घेतली की परत केली, हे सगळं तिथे लिहिलं जातं. बहिणीचा अर्ज सापडला. नाव, मार्क, पत्ता, सगळं बरोबर. पण फाईल पाठवल्याची एकही नोंद नव्हती. परत केल्याचीही नाही. नोंदींकडे पाहिलं तर असं वाटावं की तिनं कधी प्रयत्नच केलेला नाही.

पहिला संशय मला सेंटरवाल्याचा आला. काकांना समोर बसवून तो नुसता माऊस हलवत असेल. कशासाठी, ते मला माहीत नव्हतं, पण तालुक्याच्या गावात वजनदार मामाचं ऐकणारी माणसं असतात हे मला माहीत होतं. बहिणीकडून नंबर घेऊन मी त्याला फोन केला. मी कोण ते सांगितलं तसा त्याचा आवाज बदलला. मी कंपनीचा माणूस म्हणून त्याची चौकशी करतो आहे असं त्याला वाटलं. आपण लोकांचे किती फॉर्म भरतो, कोणाची तक्रार नाही, हे त्यानं मला ऐकवलं, आणि शेवटी म्हणाला, "माह्याकडे काय पाहता? तुमचं पान, तुमचा सर्व्हर. तिथंच पाहा ना." त्यानं फोन ठेवला. माझा संशय गेला नाही.

दुसरा संशय मला आमच्याच ऑफिसचा आला, आणि तो मला जास्त लागला. संस्थेचे क्लार्क आदल्या महिन्यात दोनदा आमच्याकडे येऊन गेले होते. दोन्ही वेळा सरांच्या केबिनचं दार लावलेलं होतं. सर म्हणजे आमच्या ऑफिसचे मालक. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या, पिढ्यान्‌पिढ्या कचेरीत नोकऱ्या केलेल्या घरातले. त्यांच्याबद्दल वाईट विचार करणं मला जड जात होतं. मुलाखतीत माझं इंग्रजी अडकलं तेव्हा बाकीच्या कंपन्यांनी मला पाणी पाजून परत पाठवलं होतं. सरांनी वही पुढे सरकवली आणि मराठीत म्हणाले, "बोलू नकोस, लिहून दाखव." मी लिहून दाखवलं आणि नोकरी लागली. तरीही त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं की काही तालुक्यांचे अर्ज मागे ठेवायला कोणी सांगितलं असेल तर?

मी प्रोग्रॅममध्ये 'तालुका' हा शब्द कुठे कुठे आला आहे ते शोधत बसलो. एक जागा सापडली. तिथे फक्त अर्ज तालुक्याप्रमाणे लावले जात होते, बाकी काही नव्हतं. ती ओळ मी पुन्हा वाचत होतो तेव्हा मागून सरांचा आवाज आला, "कोणाचा अर्ज उघडून बसला आहेस?"

दुसऱ्या खिडकीत बहिणीचा अर्ज तसाच उघडा होता. तिचं आडनाव आणि माझं एकच. सरांनी ते वाचलं. मी घाईघाईत सगळं सांगितलं: फोन, सेंटर, न झालेल्या नोंदी. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांचे डोळे त्या आडनावावरच होते. म्हणाले, "हे बघ, तू चांगला मुलगा आहेस. आतून काही करायचं नाही." मी काही करत नाही, असं म्हणालो. ते म्हणाले, "करत नाहीस, बघतो आहेस. इथूनच सुरुवात होते."

तो दिवस मी मान खाली घालून काम केलं. माझा सेंटरवाल्यावर आणि सरांवर संशय; सरांचा माझ्यावर; काकांचा आम्हा सगळ्यांवर. आणि शनिवार जवळ येत होता.

बुधवारी बहिणीनं पुन्हा प्रयत्न केला. तीच ओळ आली. या वेळी काकूनं फोनवर मला विचारलं की तुझ्या मनात नाही का ती नागपूरला यावी असं. ती हे रागानं म्हणाली नाही. नुसतं विचारलं. त्या प्रश्नानं मी गुरुवारी सुट्टी टाकली आणि उमरेड रोडवर उभं राहून भिवापूरची एसटी पकडली.

सेंटर बाजाराच्या रस्त्यावर, एका झेरॉक्सच्या दुकानात होतं. कम्प्युटरचं तोंड दुकानदाराकडे. ग्राहक काउंटरच्या बाहेर उभा, त्याला स्क्रीनची फक्त पाठ दिसते. काका आणि बहीण आधीच येऊन थांबले होते. काकांच्या काखेत चेन लावलेली रेक्झिनची बॅग होती. मी आत जाऊन बसू का विचारलं. सेंटरवाल्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि स्टूल सरकवलं. मग म्हणाला, "बाकी साइटी सांगतात तरी, फोटो मोठा हाय, सही लहान हाय म्हणून. तुमची काही सांगतच नाही, भाऊ. मी लोकायले काय सांगू?"

त्यानं फाईल निवडली. पट्टी सरकली, थांबली, ओळ आली. त्यानं काहीही लबाडी केली नाही. मी डोळ्यांनी पाहिलं. मग मी ती फाईल उघडायला सांगितली.

पहिलं पान उत्पन्नाचा दाखला. दुसरं पान रेशन कार्ड. त्यानंतर सातबारा, लाईट बिल, काकांचं आधार, काकूचं आधार, बहिणीचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, सरपंचांचं पत्र, पोलीस पाटलांचं पत्र, आणि माझ्या डिग्रीची झेरॉक्स. सगळं रंगीत, सगळं मोठ्या अक्षरांत स्पष्ट स्कॅन केलेलं, एकाच फाईलमध्ये. मी माझ्या डिग्रीपाशी थांबलो. काका बाहेरून म्हणाले, "घरात शिकलेलं माणूस हाय, हे दिसलं पाह्यजे ना त्यायले."

आता मला कळलं. आमच्या प्रोग्रॅमच्या पुढे आणखी एक प्रोग्रॅम उभा असतो. तो दाराशी बसलेल्या माणसासारखा. बाहेरून येणारं सगळं आधी त्याच्या हातून येतं. दोन एमबीपेक्षा मोठी फाईल आली तर ती तो दारातूनच परत करतो; आतल्या प्रोग्रॅमला ती आली होती हेही कळत नाही. म्हणून माझ्या नोंदी कोऱ्या होत्या. तो परत करताना कारण देतो, पण त्याच्या भाषेत. ते उत्तर आमच्या पानाला वाचता येत नव्हतं. आणि जे वाचता येत नाही त्या सगळ्यासाठी पानाला एकच ओळ शिकवलेली होती. त्या दुसऱ्या मुलीनं, सेंटरवाल्यानं सांगितलं, फक्त दाखला जोडला होता. एक पान. ते गेलं. तिच्या मामाचा यात काही संबंध नव्हता.

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथल्या तिथे सगळं काकांना समजावून सांगितलं. फाईल मोठी आहे, यातला फक्त दाखला ठेवा, बाकीचे कागद काढा, आत्ता जाईल. सूचनांमध्ये फाईल केवढी हवी याचा शब्दही नव्हता, हेही मी सांगितलं. त्या सूचना संस्थेच्या क्लार्कनी लिहून दिल्या होत्या आणि आमच्या ऑफिसातून कोणी त्यात भर घातली नव्हती.

काकांनी बॅग काखेतून काढून काउंटरवर ठेवली. म्हणाले, "कागद काढू?"

"हो."

"आणि उद्या म्हणतील रेशन कार्ड काहून नाही जोडलं, मंग?"

मी म्हटलं, ते या जागी मागितलेलंच नाही. काकांनी बॅग परत काखेत घेतली. मग शांतपणे बोलले. "तू म्हणतं फाईल मोठी हाय. पान म्हणते काहीतरी चूक झाली. तुया अ‍ॅडमिशनच्या टायमाले तो बाबूही तोंडानंच म्हणत होता, हा कागद लागत नाही, जा. लागला का नाही मंग?"

"लागला."

"मंग लिहिलेलं दाखव. फाईल मोठी हाय म्हणून पानावर लिहून येईन, तं मी काढतो."

त्यांचं खरं होतं. त्या कागदाच्या पायी माझी प्रवेशाची पहिली फेरी गेली होती, आणि त्या दिवशी नागपूरच्या कॉलेजच्या खिडकीसमोर काका मला म्हणाले होते की चूक त्यांचीच झाली, त्यांनी बाबूकडून लिहून घ्यायला पाहिजे होतं. तेव्हापासून ते कुठल्याही कामाला सगळे कागद घेऊन जातात. कागद जास्त झाला म्हणून त्यांना कधी कोणी परत पाठवलेलं नव्हतं. सेंटरवाल्यानं मधला मार्ग म्हणून फाईल दाबून लहान करून पाहिली, पण अक्षरं पुसट झाली आणि काकांनी ती बघताक्षणी नको म्हटलं. बहीण माझ्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत आली आणि वाटेत म्हणाली, "बाबा ऐकतील दादा. पण तुया तोंडाचं नाही ऐकणार. पानाचं ऐकतील."

शुक्रवारी सकाळी मी सरांच्या आधी ऑफिसला पोहोचलो. ते आले तसा मी केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो की एक ओळ बदलायची आहे.

सगळ्या चुकांना एकच ओळ, हा नियम सरांचा होता आणि त्यालाही कारण होतं. जुन्या एका कामात साइटनं चूक झाल्यावर आतल्या फोल्डरांची नावंच पानावर छापली होती. कोणीतरी ती वाचून आत शिरायचा प्रयत्न केला होता. ग्राहकानं सरांना फार बोल लावले. तेव्हापासून सर आम्हा सगळ्यांना शिकवत की बाहेरून येणाऱ्या कशावरही विश्वास ठेवायचा नाही, आणि बाहेरच्याला आतलं काही सांगायचं नाही. आमच्या धंद्याचं हे खरोखरच पहिलं शिक्षण आहे. संस्थेच्या क्लार्कनीही बजावलं होतं की पानावर 'नाकारलं' हा शब्द कुठेही दिसता कामा नये, लोक भांडायला येतात.

सर म्हणाले, "कारण सांगितलं की माणूस दुसरी वाट शोधतो." मी म्हटलं, या माणसाला दुसरी वाट शोधायची नाही, हीच बरोबर चालायची आहे. ते म्हणाले, "तुझी बहीण आहे म्हणून तुला हे सुचलं."

मी म्हटलं, "हो सर. तिच्यामुळेच सुचलं. पण ती एकटी आहे का ते तुम्ही बघा."

दाराशी बसलेल्या त्या प्रोग्रॅमच्या नोंदी वेगळ्या असतात आणि त्या उघडायची परवानगी फक्त सरांना होती. त्यांनी त्या उघडल्या. मी त्यांच्या मागे उभा राहिलो. परत केलेल्या फायलींच्या ओळी खाली खाली जात राहिल्या. एकाच ठिकाणाहून पुन्हा पुन्हा केलेले प्रयत्न, मग दुसरं ठिकाण, मग तिसरं. काही ठिकाणांहून दोनचार वेळा प्रयत्न होऊन पुढे काहीच नव्हतं. ते लोक थांबले होते. सरांनी त्या पुन्हा वरपासून चाळल्या.

"ह्या ओळी मी मागच्या आठवड्यात पाहिल्या होत्या," ते म्हणाले. "मला वाटलं कोणीतरी मुद्दाम मोठाल्या फायली फेकून सर्व्हर पाडायला बघतंय."

ते हे माफी मागितल्यासारखं म्हणाले नाहीत. जे वाटलं ते सांगितलं. माझ्याही मनात त्यांच्या बंद दाराबद्दल काय आलं होतं ते मी सांगितलं नाही. क्लार्क कशासाठी येत होते ते मला आजही माहीत नाही.

त्यांनी परवानगी दिली, पण खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. मी कुठली फाईल उघडतो, कुठे हात लावतो, ते सगळं त्यांनी पाहिलं. मला त्याचा राग आला नाही. उलट बरं वाटलं, कारण नंतर कोणी विचारलं असतं तर मला एक साक्षीदार होता.

प्रोग्रॅम बदलणं सोपं होतं. वेळ गेला शब्दांत. मी आधी लिहिलं, "फाईलचा आकार कमाल मर्यादेपेक्षा अधिक आहे." सरांना ते चांगलं वाटलं. मी त्यांना विचारून बहिणीला फोन लावला आणि वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा म्हणतील कोणाची मर्यादा?" मग म्हणाली की बाबा दर वेळी एकच विचारतात, कागद तिथं पोहोचला का नाही पोहोचला. तो रस्त्यात अडकला, का त्यांच्याकडे जाऊन पडला आणि ते नाही म्हणून राहिले? सर ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

शेवटी पानावर हे आलं: "हा दाखला आमच्याकडे पोहोचला नाही. तुमची फाईल दोन एमबीपेक्षा मोठी आहे. या जागी फक्त उत्पन्नाचा दाखला जोडा. दुसरे कागद इथे जोडू नका. ते नसल्यामुळे अर्ज मागे पडणार नाही. तुम्ही भरलेली बाकीची माहिती तशीच आहे." 'मागे पडणार नाही' या शब्दांसाठी सरांनी संस्थेला फोन केला. क्लार्कनी आधी विचारलं की कोणी तक्रार केली का, आणि केली असेल तर नाव काय. सरांनी नाव सांगितलं नाही. दुपारपर्यंत होकार आला. फाईल नीट गेली तर नुसतं 'धन्यवाद' यायचं, तेही मी बदललं. आता 'उत्पन्नाचा दाखला पोहोचला' असं येत होतं आणि शेजारी तो उघडून बघायची सोय होती. मुलीच्या हातात जे होतं तेच आमच्याकडे आलं, हे तिला तिच्या डोळ्यांनी दिसावं म्हणून.

ज्यांचे अर्ज कागदांवाचून अडले होते त्या सगळ्यांना सरांनी संध्याकाळी एसएमएस पाठवला, की पुन्हा प्रयत्न करा. काकांनाही तो गेला. त्यांनी तो फसवणुकीचा समजून पुसून टाकला.

शनिवारी मी ऑफिसात होतो. शेवटचा दिवस म्हणून बहिणीनं काकांना पुन्हा सेंटरवर नेलं; तिथे काय झालं ते मला तिनं नंतर सांगितलं. त्यांनी आधी जुनीच फाईल जोडली, काकांच्या सांगण्यावरून. नवी ओळ आली. सेंटरवाल्यानं कम्प्युटर फिरवून त्यांच्याकडे केला. काकांनी ती बोट ठेवून वाचली, मग पुन्हा वाचली आणि विचारलं, "हे सगळ्यायले दिसते, का आमालेच?" सेंटरवाला वैतागला होता, पण त्यानं बाजूला बसलेल्या एका मुलीला विचारून तिच्या अर्जात आपल्या लग्नातला एक भलामोठा फोटो घालून पाहिला. तीच ओळ आली. काकांचं निम्मं समाधान झालं. ते म्हणाले, कागद काढा, पण रेशन कार्ड राहू द्या, ते तरी लागतेच. बहीण हो म्हणाली. तिनं सेंटरवाल्याकडून माऊस घेतला आणि रेशन कार्डासकट सगळं काढलं. काका काउंटरच्या बाहेर होते आणि कम्प्युटर पुन्हा आत फिरलेला होता.

तिनं मला एवढंच कळवलं: "गेलं. उघडून पाहिलं. आपलाच हाय."

त्या संध्याकाळी मी तिचा अर्ज उघडला नाही. उघडता आला असता. सर घरी गेले होते. पण मला पाहायचंच नव्हतं, आणि पाहिलं असतं तर मंगळवारी सर जे म्हणाले ते खरं झालं असतं.

यादी लागली तेव्हा तिचं नाव त्यात होतं. तिला राहायला आणण्याच्या दिवशी मी वसतिगृहाच्या फाटकाशी गेलो. काका, काकू, बहीण, एक पेटी आणि गादीची वळकटी. काकांनी मला बाजूला घेतलं आणि मिरची पावडरची पिशवी हातात दिली. आवाज खाली करून म्हणाले, "तुनं केलं ते मी कोणाले सांगणार नाही."

मी म्हटलं, काका, मी आतून काही केलं नाही. पान सगळ्यांसाठी बदललं. तिचा अर्ज तिच्या मार्कांवर लागला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी शहाण्यासारखं बोलतो आहे अशा तऱ्हेनं. मी जेवढं नाही म्हणत गेलो तेवढा त्यांचा विश्वास पक्का होत गेला. कोणाला सांगणार नाही म्हणाले खरे, पण त्या महिन्यात मला गावाकडून फोन यायला लागले होते. कोणाच्या पुतण्याचा अर्ज, कोणाच्या भाचीचा. सगळे एकच म्हणत, जरा आतून पाहा. त्यातले बरेच अर्ज आमच्या साइटचेही नव्हते.

बहिणीनं आमचं बोलणं ऐकलं होतं. ती पेटी खाली ठेवून म्हणाली, "बाबा, दादानं काही नाही केलं. कागद कमी केले म्हणून गेलं. म्या केले."

"हो वं, हो," काका म्हणाले. लहानपणी ती 'चंद्र माझ्या मागे येतो' म्हणायची, तेव्हा म्हणत असतील तसं.

ती पुन्हा तोंड उघडणार होती. काकूनं तिला कोपरानं ढोसलं, आता भांडू नको म्हणून. मग वॉर्डनबाईंनी आतून नाव पुकारलं आणि ती पेटी उचलून गेली. वळून एकदा हात केला, तो काकूला केला.

काका फाटकाशीच थांबले. तिथे काचेच्या फळ्यावर यादी लावली होती. त्यांनी चौकीदाराला विचारलं, आतल्या यादीत आणि बाहेरच्या यादीत नावं एकच असतात का. चौकीदार म्हणाला, एकच असतात. काकांनी खिशातून मोबाइल काढून माझ्याकडे दिला आणि यादीचा फोटो काढायला सांगितला. उद्या कोणी नाही म्हटलं तर जवळ असावा.

मी फोटो काढला. त्यांनी तो मोठा करून पाहिला, मुलीच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, अजून एक काढ, जवळून. काचेवर ऊन पडलं आहे.